पंच्याऐंशीची गोधडी

उर्दूत मुलीच्या मुलीला 'नवासी' म्हणतात आणि एकोणनव्वद या संख्येलाही 'नवासी'च म्हणतात. लहानपणी मला याचे मोठे नवल वाटे. नानी शेजारणींना माझी ओळख करून देताना "ये मेरी नवासी" असे म्हणाली, की मला वाटे, नानीला एकोणनव्वद नाती असाव्यात आणि मी त्यांतली शेवटची! पुढे शाळेत आकडे शिकले आणि हा घोळ मिटला. पण आकड्यांनी माझ्या आयुष्यात घातलेला तो काही शेवटचा घोळ नव्हता.

मी सोलापूरला आजोळी वाढले. आमच्या गल्लीत चार भाषा नांदत होत्या. उजव्या हाताच्या घरात तेलुगू, समोर कन्नड, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मराठी आणि आमच्या घरात उर्दू. नाना यंत्रमागावर काम करीत. ते वारल्यावर नानी गोधड्या शिवू लागली. जुनी लुगडी, कापडाचे उरलेले तुकडे असे काहीबाही जमवायचे, रात्री दिव्याखाली टाके घालायचे आणि आठवडे बाजारात जाऊन गोधडी विकायची, असा तिचा क्रम होता. नानीला मराठी समजे थोडेफार, बोलता मात्र येत नसे. मी पाचवीत गेले आणि शाळेत माझा मराठीचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा सर्वांत जास्त आनंद नानीला झाला. "आता बाजारात माझ्याबरोबर बोलायला कोणीतरी आहे," असे ती गल्लीभर सांगत फिरली.

ही १९९९ सालची गोष्ट. बाजारात एका खेडवळ बाईंना आमची एक गोधडी आवडली. त्यांनी किंमत विचारली. नानी म्हणाली, "पचासी."

बाईंनी कनवटीची पन्नासची नोट काढली आणि नानीपुढे धरली.

"पचास नै, पचासी!" नानी म्हणाली.

"अवो चाची, पन्नासच हाय की ही! नीट बघा की," बाई म्हणाल्या.

एकीच्या तोंडी पचासी, दुसरीच्या कानी पचास. दोघीही खऱ्या आणि दोघीही गोंधळलेल्या! शेवटी बाई माझ्याकडे वळल्या. "पोरी, साळंत जातीस न्हवं? तुज्या नानीला किती पायजेत, ते तू मराठीत सांग."

पचासी म्हणजे ८५, हे मला पक्के ठाऊक होते. पण ८५ ला मराठीत काय म्हणतात? पाठ केलेले सगळे आकडे डोक्यात एकदम गर्दी करून आले. 'पंच' अशी काहीतरी सुरुवात आहे, एवढेच आठवले. बोटांनी दाखवले असते, तरी चालले असते. मातीत काडीने ८५ लिहिले असते, तरी चालले असते. पण मी तर शाळेत जाणारी मुलगी! मी छाती पुढे काढून सांगितले, "पंचावन्न!"

बाईंनी पन्नासच्या नोटेवर पाचची नोट ठेवली. ती पाहताच माझी चूक माझ्या ध्यानात आली. माझे तोंड कोरडे पडले. नानीने आधी पैशांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. क्षणभर ती काहीच बोलली नाही. मग गोधडीची घडी घालून तिने ती बाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "बच्चीने बोल दिया. ले जाओ."

मला वाटले, मी बाईंशी घासाघीस करून सौदा ठरवला, असा नानीचा समज झाला असावा. मी काही बोलले नाही. तीस रुपये गेले होते. त्या गोधडीला लागलेला दोरा आणि आतले कापड यांचा खर्च वजा केला, तर नानीच्या इतक्या रात्रींच्या मेहनतीचे काहीच उरले नव्हते. त्या रात्री मी पांघरुणात तोंड घालून 'पंच्याऐंशी, पंच्याऐंशी' असे कितीतरी वेळा म्हटले. तो आकडा मी पुन्हा कधी विसरले नाही.

पुढे मी शिकले, बी.एड. झाले आणि उर्दू माध्यमाच्या एका शाळेत शिक्षिका म्हणून लागले. मला मराठीचा विषय मिळाला. आणि २०१८ साली एक दिवस, ज्या ठिकाणी मी लहानपणी अडखळले होते, नेमक्या त्याच ठिकाणी माझा एक विद्यार्थी अडखळला.

पाचवीचा वर्ग होता. मी आकडे सांगत होते आणि मुले एकेक करून फळ्यावर लिहीत होती. मागच्या बाकावरच्या एका मुलाला मी 'त्रेसष्ट' लिहायला सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि ३६ लिहिले. वर्ग हसला. मी हसले नाही, पण त्याहून वाईट केले. मी म्हणाले, "पाचवीत आलास, अजून शंभरापर्यंत आकडे येत नाहीत? पहिलीच्या वर्गात जाऊन बस!" तो खाली मान घालून जागेवर गेला. त्या दिवसापासून मराठीच्या तासाला त्याने तोंड उघडणे सोडून दिले. विचारले, तर उभा राही आणि पायांच्या बोटांकडे पाहत राही.

काही दिवसांनी मी फळे घ्यायला बाजारात गेले. एका गाडीवर तोच मुलगा उभा होता. गाडी त्याच्या चाचाची होती. चाचा नमाजला गेले होते आणि गाडी हाच सांभाळत होता. एका गिऱ्हाइकाने एकवीस रुपये किलोची तीन किलो फळे घेतली आणि शंभराची नोट पुढे केली. मुलाने डोळ्यांची पापणी लवायच्या आत सांगितले, "इक्कीस तिया तिरसठ. ये लो सैंतीस वापस."

तिरसठ! म्हणजेच त्रेसष्ट. जी संख्या लिहिता आली नाही म्हणून मी त्याला पहिलीत बसायला सांगितले होते, तीच संख्या त्याने एका दमात गुणून, शंभरातून वजा करून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली होती. मी फळे न घेताच घरी परतले.

त्या संध्याकाळी नानीजवळ बसून मी तिला ही हकिकत सांगितली. आणि मग एकोणीस वर्षे मनात दडवून ठेवलेली ती दुसरी गोष्टही सांगितली. "नानी, तो गोधडीचा सौदा मी केलाच नव्हता. मला पंच्याऐंशी म्हणता आले नव्हते."

"मालूम है," नानी म्हणाली. "तेरा मुँह उतर गया था."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

नानी सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तीस रुपये गए, तो गए. भरे बाज़ार में टोक देती, तो तेरी ज़बान जाती."

मी बी.एड.ला अध्यापनाच्या अनेक पद्धती शिकले होते. पण हे वाक्य मला कोणत्याही पुस्तकात भेटले नव्हते. नानीने भर बाजारात तीस रुपये सोडून माझी बोली वाचवली होती आणि मी भर वर्गात एका मुलाची बोली घालवली होती. ती परत कशी आणावी, हा विचार करत मी रात्री जुन्या वह्या चाळू लागले. त्यात बी.एड.च्या दिवसांतली एक वही हाती लागली. कॉलेजच्या ग्रंथालयात जगातल्या भाषांविषयीचे एक जुने पुस्तक होते. ते वाचताना मी तिच्यात काही टिपणे केली होती. त्यांत एका पानावर बारा शब्द होते. ते एस्पेरांतो या भाषेतले आकडे होते.

एस्पेरांतो ही कोण्या देशाची भाषा नाही. ती एका माणसाने तयार केली. त्याचे नाव लुडविक झामेनहॉफ. त्याचा जन्म १८५९ साली बियालिस्टोक या गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, त्या वेळी ते रशियाच्या साम्राज्यात होते. तेही आपल्या सोलापूरसारखेच कापडाच्या धंद्याचे गाव. तिथेही एकाच गावात अनेक भाषा होत्या. कोणी रशियन बोले, कोणी पोलिश, कोणी जर्मन. ज्यू लोक यिद्दिश बोलत. झामेनहॉफचे घर ज्यू होते आणि त्याचे वडील भाषा शिकवणारे शिक्षक होते. गावातले लोक एकमेकांची भाषा जाणत नाहीत, एकमेकांकडे संशयाने पाहतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले. सर्वांना सारखीच सोपी आणि कोणाच्याही मालकीची नसलेली एखादी भाषा असावी, असे त्याला वाटू लागले. शाळेत असतानाच, १८७८ साली, त्याने अशा भाषेचा पहिला नमुना तयार करून मित्रांना शिकवला. पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला. पण भाषेचे काम त्याने सोडले नाही. १८८७ साली वॉर्सा येथे त्याने आपले पहिले छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यावर लेखक म्हणून 'डॉक्टर एस्पेरांतो' असे टोपणनाव होते. एस्पेरांतो म्हणजे आशा बाळगणारा. तेच नाव पुढे भाषेलाही मिळाले.

त्या भाषेचे सारे व्याकरण सोळा नियमांत मांडलेले आहे. त्यांतला एक नियम आकड्यांचा आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर मी मराठीचे पुस्तक उघडलेच नाही. फळ्यावर बारा शब्द लिहिले:

उनु, दु, त्री, क्वार, क्विन, सेस, सेप, ओक, नाऊ, देक, त्सेन्त, मिल.

"मुलांनो, ही एक ते दहा, मग शंभर आणि हजार यांची नावे. ही भाषा आपल्यापैकी कोणाचीच नाही. माझीही नाही. आज आपण सगळे पहिलीत," मी म्हणाले. शेवटचे वाक्य मी मागच्या बाकाकडे पाहून बोलले.

मुलांना मोठी गंमत वाटली. 'नाऊ' ऐकून एक मुलगी म्हणाली, "आपा, हे तर आपले नऊच आहे!" दुसऱ्याला 'देक'मध्ये 'दस' दिसले. 'सेप'मध्ये सात दडले आहेत, हे मी त्यांना दाखवले. फारसीत सातला 'हफ़्त' म्हणतात. आपल्या उर्दूतला 'हफ़्ता' त्यातूनच आला. सप्त, सात, हफ़्त, सेप ही सगळी एकाच मोठ्या कुटुंबातली भावंडे आहेत. झामेनहॉफने आपले शब्द युरोपातल्या भाषांमधून घेतले होते आणि त्या भाषा आपल्या मराठी-उर्दूच्या दूरच्या नातेवाईक आहेत. तेलुगू शेजाऱ्यांत वाढलेल्या एका मुलाने मात्र तक्रार केली, "आपा, ओक म्हणजे आठ कसे? आमच्या गल्लीत ओकटि म्हणजे एक!" सगळे हसले. ते हसणे कोणाच्या चुकीवर नव्हते, म्हणून तक्रार करणाराही हसला.

मग मी नियम सांगितला. दोन दहा म्हणजे 'दुदेक', वीस. तीन दहा म्हणजे 'त्रीदेक', तीस. त्यापुढे सुटा आकडा ठेवायचा, की झाली संख्या. "आता सांगा, 'सेसदेक त्री' म्हणजे किती?"

वर्ग बोटे मोजू लागला. मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, "तिरसठ."

"फळ्यावर लिहितोस?"

तो उठला. भिंतीच्या कडेकडेने फळ्याजवळ आला आणि त्याने ६३ लिहिले. मी आणखी एक संख्या सांगितली, मग आणखी एक. 'ओकदेक क्विन' म्हटले, त्याने ८५ लिहिले. शेवटी मी म्हणाले, "मिल ओकत्सेन्त ओकदेक सेप." एक हजार, आठ शंभर, आठ दहा आणि सात. त्याने १८८७ लिहिले. ज्या वर्षी ती भाषा छापून बाहेर आली, ते वर्ष! अर्ध्या तासापूर्वी जी भाषा त्याने ऐकलीही नव्हती, तिच्यात तो हजारापर्यंत पोहोचला होता.

मग त्याची मराठीतली चूक कोठे होती? त्या दिवशी मला ती नीट दिसली. 'सेसदेक त्री' म्हणताना आधी साठ येतात, मग तीन. लिहितानाही आधी ६ येतो, मग ३. बोलणे आणि लिहिणे यांचा क्रम एकच. 'त्रेसष्ट' म्हणताना मात्र आधी तीन येतात आणि मग साठ. माझ्या विद्यार्थ्याने जसे ऐकले तसे लिहिले: आधी ३, मग ६. त्यात आणखी एक गोष्ट आहे. आपण उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितो, पण उर्दूच्याच ओळीत आकडे मात्र डावीकडून उजवीकडे लिहितो. मराठी तर पुरी डावीकडून. इतक्या वळणांच्या रस्त्यावर एखाद्या मुलाचा पाय घसरला, तर त्याला मठ्ठ कसे म्हणावे?

शिवाय आपल्या भाषांत आकड्यांची नावे जवळजवळ शंभरच्या शंभर वेगळी पाठ करावी लागतात. मराठीत सदुसष्ट, उर्दूत सड़सठ. मराठीत शहात्तर, उर्दूत छिहत्तर. मराठीत सत्तेचाळीस, उर्दूत सैंतालीस. उर्दूभाषक मुलाला हे दोनदा करावे लागते, आणि दोन्ही नावे इतकी जवळची, की एक आठवताना दुसरे मध्येच येऊन उभे राहते. पचासीचे पंचावन्न होते ते यामुळेच.

आमच्या गल्लीतल्या तेलुगू आणि कन्नड शेजाऱ्यांचे मात्र तसे नाही. तेलुगूत त्रेसष्टला 'अरवै मूडु' म्हणतात आणि कन्नडमध्ये 'अरवत्तमूरु'. दोन्हींत आधी साठ, मग तीन. जो सोपेपणा मी पोलंडहून आणला होता, तो माझ्या उजव्या हाताच्या आणि समोरच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता. मी कधी कान दिला नव्हता, एवढेच.

एका माणसाने बसून भाषा तयार केली, म्हणजे ती आपोआप सोपी होते, असेही नाही. झामेनहॉफच्या थोडे आधी, १८८० च्या सुमारास, श्लायर नावाच्या एका जर्मन धर्मगुरूने 'व्होलाप्युक' ही भाषा रचली होती. तिच्यात 'बाल' म्हणजे एक आणि 'बाल्स' म्हणजे दहा! 'तेल' म्हणजे दोन आणि 'तेल्स' म्हणजे वीस! शेवटचा 'स' बाजाराच्या गोंगाटात ऐकू आला नाही, तर दहाचा माल एका रुपयाला जायचा. पुढे त्या भाषेत सुधारणा झाली, तेव्हा दहासाठी निराळा शब्द ठेवावा लागला. हे वाचून मला नानीची आणि त्या बाईंची आठवण झाली. पचास आणि पचासी यांच्यात तरी दुसरे काय अंतर आहे?

त्या तासानंतर आम्ही पुन्हा मराठी आकड्यांकडे आलो. या वेळी मी मुलांना पाठ करायला लावले नाही. शोधायला लावले. मराठीचे बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट आणि उर्दूचे बासठ, तिरसठ, चौंसठ, पैंसठ फळ्यावर समोरासमोर लिहिले. मुलांनी स्वतःच ओळखले, की 'सष्ट' आणि 'सठ' म्हणजे साठच. एकोणसाठमधला 'एकोण' म्हणजे एक कमी, आणि उर्दूच्या उनसठमधला 'उन' तोच. मात्र नव्वदीच्या उंबरठ्यावर दोघींची वाट वेगळी होते. मराठी म्हणते 'एकोणनव्वद', म्हणजे नव्वदला एक कमी. उर्दू म्हणते 'नवासी', म्हणजे ऐंशी आणि नऊ. शंभराच्या आधी मात्र मराठीही एकोणशंभर म्हणत नाही, नव्याण्णव म्हणते. का? लोकांच्या तोंडी तसे रुळले म्हणून. भाषा अनेक पिढ्यांनी मिळून केलेली असते. नानीच्या गोधडीत कोणता तुकडा कोणत्या लुगड्याचा, याचा जसा हिशेब नसतो, तसेच हे आहे.

पण गोधडीत ऊब असते, हेही मुलांच्या लक्षात आले. मी त्यांना विचारले, "दीड म्हणायचे असेल, तर एस्पेरांतोत काय म्हणाल?" तिथे 'उनु काय दुओनो' म्हणावे लागते. 'काय' म्हणजे आणि, 'दुओनो' म्हणजे अर्धा: एक आणि अर्धा. 'काय' ऐकून वर्गाची हसून पुरेवाट झाली. आपल्याकडे मात्र दीडला एक शब्द, अडीचला एक शब्द. सव्वा आहे, पाऊण आहे. उर्दूतही डेढ़, ढाई, सवा आहेत. बाजारात रोज पाव-अर्ध्याचा व्यवहार करणाऱ्या माणसांनी आपल्या सोयीचे शब्द घडवले. एकीकडे शंभर नावांचा त्रास आहे, तर दुसरीकडे ही श्रीमंतीही आहे.

पुढच्याच वर्षी, २०१९ साली, बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट' बरोबर 'साठ तीन' असेही वाचन दिले गेले. मुलांना जोडाक्षरे जड जातात आणि बोलण्याचा क्रम लिहिण्याच्या उलट पडतो, हे त्यामागचे कारण होते. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी या पद्धतीची बाजू मांडली. त्यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. मराठी भाषेचे सौंदर्य जाईल, असे काहींना वाटले. मुलांची भीती जाईल, असे काहींना वाटले. शिक्षकांच्या खोलीतही चर्चा रंगली. मला विचारले, तेव्हा मी म्हणाले, "साठ तीन हा जिना आहे. त्रेसष्ट ही वरची खोली आहे. जिन्यावर कोणी कायमचे राहत नाही, पण जिना काढून घेतला तर वर जाता येत नाही." बाजार त्रेसष्टच म्हणणार. म्हणून त्रेसष्ट आलेच पाहिजे. पण ते न येणाऱ्याला संख्याच कळत नाही, असे समजू नये.

झामेनहॉफला वाटले होते, की सर्वांची एक सोपी भाषा झाली, तर माणसे जवळ येतील. त्याची भाषा आजही अनेक देशांत हौसेने बोलली जाते. पण त्याची मुलगी लिडिया, जी देशोदेशी फिरून हीच भाषा शिकवत असे, तिला १९४२ साली ट्रेब्लिंका येथील छावणीत नाझींनी ठार मारले. ती ज्यू होती, एवढाच तिचा गुन्हा. भाषा सोपी झाली, म्हणून माणसांची मने आपोआप सोपी होत नाहीत. ते काम ज्याचे त्याला, आपापल्या घरात, वर्गात, बाजारात करावे लागते. भाषा अवघड असली, तरी ते करता येते. मराठीचा एक शब्दही नीट न बोलणाऱ्या माझ्या नानीने ते करून दाखवले होते.

तो मुलगा आता बारावीत आहे. गेल्या महिन्यात मी बाजारातून येत होते, तेव्हा त्याच्या चाचाच्या गाडीजवळ थांबले. एक मराठी बाई फळे घेत होत्या. त्याने पिशवी पुढे केली आणि म्हणाला, "त्र्याण्णव रुपये झाले, मावशी." एकदाही अडखळला नाही. मग मला पाहून हसला आणि हळूच म्हणाला, "आपा, नाऊदेक त्री!"

नानी आता फारशी शिवत नाही. डोळे थकले आहेत. या वर्षी तिच्या वयाला नवासी वर्षे झाली. मी तिला म्हटले, "नानी, मराठीत याला एकोणनव्वद म्हणतात. नव्वदला एक कमी." तिने ते दोनदा म्हणून पाहिले. पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदाही चुकली. मी टोकले नाही. तिसऱ्यांदा तिला बरोबर आले.

मग ती माझा हात धरून म्हणाली, "अच्छा है. अब तू भी नवासी, मैं भी नवासी."